सतरा किलो, नऊ किलो

आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे: थंडीत राजगडावर जायचं, तर कॅमेऱ्याचं किती सामान न्यायचं. एका बाजूला आमचे हे, दुसऱ्या बाजूला ह्यांची भाची. निकाल द्यायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही; पण मुद्दा मांडून झाला की दोघंही माझ्याकडे बघतात.

सामान कसलं, ते आधी सांगते. हा लार्ज फॉरमॅटचा मामला आहे. पुढे लेन्स, मागे दुधी काच, मध्ये भाता. फिल्मचा रोल नाही, चार बाय पाच इंचांची सुटी शीटं. ती मिट्ट काळोखात एकेक करून होल्डरमध्ये भरायची; एका होल्डरमध्ये दोन, पुढून एक आणि मागून एक. वीस फोटो काढायचे तर दहा होल्डर पाठीवर आले. काचेवरचं चित्र उलटं आणि अंधुक, म्हणून डोक्यावर काळा कपडा घ्यायचा आणि डोळ्याला लूप लावून फोकस बघायचा. ट्रायपॉडशिवाय पान हलत नाही. एवढ्या खटाटोपातून जी निगेटिव्ह मिळते, तिची भिंतभर प्रिंट काढली तरी तटबंदीचा चिरा न् चिरा वेगळा दिसतो. शिवाय पुढची लेन्स किंचित झुकवली की पायाजवळचं गवत आणि समोरचा तोरणा दोन्ही एकदम रेखीव येतात. ज्यांना याची गोडी लागली त्यांना मग दुसरं काही चालत नाही. आमच्या घरात अशी माणसं दोन आहेत.

ह्यांची हयात पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत गेली. लेथ, प्रेस, बॉयलर, कॅटलॉगं. तिथे गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असायचं, मशीन फोटोपुरतं बंद ठेवलेलं असायचं, आणि केबल विसरली म्हणून परत येतो असं म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोन-दोन. भाची आर्किटेक्चर कॉलेजात शिकवते, रविवारी किल्ल्यांवर असते. तिला गिऱ्हाईक नाही. नाही जमलं तर पुढच्या रविवारी.

वजनकाटा तिनंच आणला, विमानप्रवासाच्या बॅगा मोजायचा, हातात धरायचा.

"सतरा किलो, मामा. यात डबा धरलेला नाही."

"पाणी धरलंय ना?"

"तीन लिटर. ते माझ्याही सॅकेत आहे, आणि माझी भरतेय नऊ. म्हणजे तुमचं सामान चौदा, माझं सहा."

चौदाचा हिशेब सोपा आहे. लिनहॉफ टेक्निका, सगळी धातूची, अडीच किलोच्या वर. बोर्डांसकट चार लेन्स, सव्वादोन किलोच्या पुढे. ट्रायपॉड डोक्यासकट चार. दहा होल्डर पावणेदोन. मीटर, कपडा, लूप, फिल्टरच्या डब्या मिळून एक, आणि रिकामी सॅकच अडीच. तिचा कॅमेरा इंट्रेपिड, इंग्लंडातल्या ब्रायटनला बनतो, प्लायवुडचा, सव्वा किलोच्या आतबाहेर. एक दीडशे मिलिमीटरची लेन्स, कार्बन फायबरचा ट्रायपॉड, पाच होल्डर. काळ्या कपड्याऐवजी काळा टी-शर्ट: त्याचा गळा कॅमेऱ्याच्या पाठीला अडकवते आणि खालून डोकं घालते. ह्यांना तो प्रकार बघवत नाही.

"चौदा किलोतलं नको काय आहे ते सांग," हे म्हणाले. ही जुनी युक्ती. एकेक वस्तू वेगळी समोर धरली की प्रत्येक वस्तू लागतेच.

भाची त्यात सापडली नाही. "आधी वाट सांगा. कुठून चढणार?"

"गुंजवण्यातून. चोर दरवाजा."

"त्याच्या खालचा कातळटप्पा आठवतोय ना? दोन्ही हातांनी रेलिंग धरावं लागतं. तुमचा ट्रायपॉड सॅकेला उभा बांधलेला, डोक्याच्या वर वीतभर. दरवाज्यात वाकलात की तो वरच्या दगडाला अडणार आणि तुम्ही मागे रेटले जाणार."

"मग पाली दरवाजानं जाऊ. चांगल्या पायऱ्या आहेत."

"जाऊ. पण चित्र कुठून हवंय? बालेकिल्ल्यावरून. त्याला पायऱ्यांची दुसरी वाट नाही. आणि तुम्हाला हवाय संध्याकाळचा प्रकाश, म्हणजे उतरताना काळोख."

संजीवनी माचीचा लांबलचक वळसा, तिचे दुहेरी तट, मागे तोरणा आणि सूर्य त्या बाजूला कललेला: हे चित्र ह्यांच्या डोक्यात फार दिवसांचं आहे. बालेकिल्ल्याचा चढ आठवल्यावर थोडा वेळ शांतता झाली. मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात दुसरी आघाडी उघडली.

"बरं, ट्रायपॉडचं बघू. पण लेन्स? त्या वळशासाठी मला तीनशेच लागते. तुझ्या दीडशेत माची करंगळीएवढी दिसेल."

"दिसू दे. निगेटिव्हचा मधला भाग घ्यायचा. उभी निम्मी, आडवी निम्मी कापली की तीनशेचंच चित्र. दोन बाय अडीच इंच उरतं, तेवढं रग्गड झालं."

"दोन बाय अडीच इंच म्हणजे एकशेवीसचा रोल झाला की. मग यशिका मॅट घेऊन चढ ना! किलोभर वजन, ट्रायपॉडही हलका चालेल. एवढं मोठं शीट वर न्यायचं आणि त्याचा पाऊण भाग फेकून द्यायचा, हे हलकं सामान कसं?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तिनं मान्य केलं. कमी नेणाऱ्यांच्या हिशेबात ही गफलत नेहमी राहते. पाठीवरचे ग्रॅम मोजले जातात. फिल्मचा कापून टाकलेला भाग, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा डोलारा उभा केला तोच, कुणी मोजत नाही.

पण ती गप्प बसणारी नव्हे. "तीनशे घ्या, पण ही नको. ही एफ/५.६ ची, किलोच्या वर आहे. निकॉरची एफ/९ ची तीनशे येते, तीनशे ग्रॅमच्या आत."

"एफ/९ नं संध्याकाळी काचेवर काय दिसणार? काळोख."

"ऊन असतानाच फोकस करून ठेवायचा. माची कुठे पळतेय? आणि तुमच्या चार लेन्सना चार मापांचे फिल्टर लागतात, म्हणून चार डब्या. नव्वद, दीडशे आणि ही छोटी तीनशे घेतलीत तर नव्वदचे सदुसष्ट मिलिमीटरचे फिल्टर बाकीच्या दोघींना रिंग लावून बसतात. एक लेन्स गेली, तीन डब्या गेल्या."

हे काही बोलले नाहीत, पण कपाटातून रिंगांचा डबा काढून मापं बघू लागले. आमच्याकडे याला संमती धरतात.

होल्डरवरून मात्र चांगलीच जुंपली. दहा की पाच, म्हणजे वीस शीटं की दहा. हे जिथे शिकले त्या स्टुडिओत सागवानी वागीश्वरी होती. केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन ते कॅमेरे बनवत. घरात वाद्यं बनवण्याचा धंदा, त्यामुळे भात्याचं काम हातातलं होतं. त्या स्टुडिओचे मालक शाळेच्या ग्रुप फोटोला दोनच प्लेटा न्यायचे, एक काढायची आणि एक कुणी डोळे मिटले तर. ही गोष्ट ह्यांनीच कौतुकानं सांगितलेली, ती भाचीनं बरोबर लक्षात ठेवली होती.

"दोन प्लेटांत अख्खी शाळा, आणि तुम्हाला एका माचीला वीस?"

"ते शाळेच्या अंगणात होते. ऊन कुठून येणार ते त्यांना आदल्या दिवशी ठाऊक असायचं. आणि डोंगरावर चढलेल्यांचंच उदाहरण हवं असेल तर ॲन्सेल ॲडम्स घे. १० एप्रिल १९२७. हाफ डोमच्या कड्यावर बर्फातून चढला तेव्हा पाठीवर चाळीसेक पौंड होते, म्हणजे अठरा किलो. माझ्याहून एक किलो जास्तच."

"तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, मामा. तुम्हाला पुढच्या साली सत्तरी लागेल. आणि प्लेटा किती होत्या, तेही सांगा की. बारा. साडेसहा बाय साडेआठ इंचांच्या काचा. त्यातल्या वाटेत संपत गेल्या आणि मुक्कामाच्या जागी पोचले तेव्हा हातात दोन राहिल्या. पहिली पिवळा फिल्टर लावून काढली. मग त्यांच्या लक्षात आलं की आभाळ जसं मनात आहे तसं यात येणार नाही. शेवटच्या प्लेटेला गडद लाल लावला, पाच सेकंद दिले. जगाला माहीत आहे ती ही दुसरी. तीस प्लेटा असत्या तर एवढा विचार केला असता?"

"विचार केला असता, नसता, देव जाणे. पण विचार सुचल्यावर करायला लाल फिल्टर जवळ होता. तुझ्याकडे किती फिल्टर आहेत?"

"एक. पिवळा."

इथे मी ह्यांना गुण दिला. फिल्टर म्हणजे जेमतेम तीन-चार तोळ्यांची वस्तू. थंडीतल्या धूसर हवेत तोच लावून तोरणा थोडा पुढे ओढता येतो. नऊ किलोच्या गर्वापायी एवढी चकती घरी ठेवायची म्हणजे हलकेपणाची हौस झाली. दोघं किलोंवरून भांडत होते, आणि मला दिसत होतं ते वेगळंच: सॅकेत दोन जातींच्या वस्तू असतात. काही चित्र बदलतात. काही पहिली वस्तू बिघडली तर असावी म्हणून येतात. लाल फिल्टर पहिल्या जातीचा. अकरावं ते विसावं शीट, दुसरी केबल, तिसरी बॅटरी दुसऱ्या जातीच्या. ह्यांची सॅक दुसऱ्या जातीनं फुगली होती, आणि भाचीनं काटछाट करताना पहिल्या जातीलाही कात्री लावली होती. मीटरच्या पाठीवर ह्यांनी चिकटवलेला कागद बघा: मीटर आठ सेकंद म्हणालं तर एफपी४ फिल्मला चौदाच्या आसपास द्यायचे, चार म्हणालं तर सहाच्या आसपास. काळोख पडू लागला की फिल्मची ग्रहणशक्ती मंदावते, त्याचा हा हिशेब. कागदाला वजन नाही, आणि त्याच्याविना संध्याकाळची सगळी शीटं फिकी येतील. तिच्या मीटरवर तो नव्हता. "मोबाइलमध्ये आहे," म्हणाली. गडावर मोबाइलची बॅटरी संध्याकाळी किती उरते ते मी विचारलं नाही.

मग बोलणं वजनावरून मांडणीवर आलं आणि ह्यांना सूर सापडला.

"वजन सोड. तुझ्या सॅकेत सगळ्या थैल्या काळ्या. संध्याकाळी सहाला काळ्या सॅकेतल्या काळ्या थैलीतून काळी केबल काढून दाखव. ॲडम्सचंच घे. १९४१ चा शरद, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव. गाडीतून जाताना चंद्र उगवलेला दिसला, खाली कबरस्तानातल्या क्रुसांवर शेवटचं ऊन. गाडी थांबवली, आठ बाय दहाचा कॅमेरा लावला, आणि मीटर सापडेना."

"पण फोटो काढला ना? चंद्राचा उजेड किती ते पाठ होतं, दर चौरस फुटाला अडीचशे कँडल. त्यावरून एफ/३२ ला एक सेकंद दिला. डोक्यात असेल तर सॅकेत लागत नाही, असाच त्याचा अर्थ."

"अर्थ असा की एकच निगेटिव्ह मिळाली! दुसरीसाठी होल्डर उलटा केला तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं. मीटर जागेवर असतं तर दोन झाल्या असत्या."

एकाच गोष्टीतून दोघांनी आपापला निकाल काढला. मला त्यात तिसरंच दिसतं. ॲडम्सपाशी गाडी होती, मुलगा होता, एक मित्र होता. तिघं मिळून शोधत होते आणि तरी मीटर मिळालं नाही. म्हणजे सामान भरपूर असूनही ते हरवलं, आणि नऊ किलोची सॅक असती तरी हरवलं असतं, जर त्याची जागा ठरलेली नसती. मिसळणाच्या डब्यात हळद कुठल्या वाटीत हे फोडणी करपत असताना कुणी शोधत नाही.

ह्यांनी मग जमिनीवर सतरंजी घालून कवायत मांडली. कारखान्यातली सवय. सॅक उघडली की जे आधी लागतं ते वर. पहिला ट्रायपॉड, तो बाहेरच बांधलेला. मग कॅमेरा. मग बोर्डासकट लेन्स. लेन्स बसली की शटर उघडं, डोक्यावर कपडा, गळ्यातला लूप काचेवर. फोकस, झुकाव, पुन्हा फोकस. ॲपर्चर मिटवायचं, शटर बंद करायचं. मग मीटर, मग कागदावरची बेरीज. शटरचा चाप ओढायचा. सगळ्यात शेवटी होल्डर. तो आत सरकवताना कॅमेऱ्याचा मागचा भाग दुसऱ्या हातानं धरायचा, नाहीतर केलेला फोकस ढळतो. डार्क स्लाइड ओढायची, वारा पडायची वाट बघायची, केबल दाबायची, स्लाइड उलटी करून परत घालायची.

"उलटी करून" हे महत्त्वाचं. स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असेल तर शीट कोरं, काळी बाहेर असेल तर काढलेलं. पांढऱ्या बाजूला बारीक उंचवटे असतात, म्हणजे काळोखात बोटालाही कळतं. हे डावीकडच्या कप्प्यातून कोरे होल्डर काढतात आणि झालेले उजवीकडे ठेवतात. भाची सगळे एकाच कप्प्यात ठेवते आणि रंगावर विसंबते.

"रंग कळतो, मामा."

"कळतो. पण दोन खुणा असल्या की एक चुकली तरी दुसरी सांगते. याला वजन लागत नाही."

इथे ती हरली असं मला वाटलं, तेवढ्यात तिनं ह्यांच्या सॅकेचीच चेन धरली. "सगळं छान. पण ही सॅक उघडायला पाठीवर आडवी टाकावी लागते. माचीवर कुठे टाकणार? सकाळी गवत ओलं, दुपारी धुरळा, आणि शेण तर कायमचं. तुम्ही दर वेळी वाकणार, सॅक पुसणार, वाकणार. माझी ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला लटकते. कमरेच्या उंचीवर सगळं, काही खाली ठेवायचंच नाही. शिवाय वजनानं ट्रायपॉड जमिनीत रुततो."

"लटकलेली सॅक वाऱ्यात झुलते, आणि झुलली की ट्रायपॉडलाही झुलवते. खालून जमिनीला जरा टेकव, मग बघ."

तिनं ते वहीत टिपून घेतलं. भांडणात टिपून घेणारी माणसं मला आवडतात.

वाऱ्यावरून आठवलं. हिचा सव्वा किलोचा कॅमेरा तीनशेच्या लेन्सपर्यंत भाता ताणून उभा केला, तर माचीवरच्या वाऱ्यात तो थरथरणारच. धातूची टेक्निका तिथे जागची हलत नाही. हा ह्यांचा सगळ्यात पक्का मुद्दा होता, आणि मांडायचा राहूनच गेला. त्याऐवजी छत्रीवर दहा मिनिटं गेली. सूर्य समोर असताना लेन्सवर सावली धरायला आणि वारा आला की भात्याला आडोसा करायला हे साधी काळी छत्री नेतात, पण सामानाच्या यादीत धरत नाहीत. छत्री म्हणे माणसाची, कॅमेऱ्याची नव्हे. भाचीनं ती काट्याला लावून वजनात धरली.

ही वजनाची चर्चा जुन्या लोकांच्या पुस्तकांतही असते आणि मला ती वाचताना हसू येतं. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात शिरला तेव्हा तिसेक हमाल बरोबर होते. तेव्हा ओल्या प्लेटांचा जमाना. काच जागेवरच रसायनात भिजवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायची, त्यामुळे तंबू, बाटल्या, काचा सगळं डोंगरावर चढवायचं. हमाल वाटेत ओझी टाकून पळाले याची तक्रार बोर्ननं लिहून ठेवली आहे. पाठीवर किती होतं ते लिहायचा अधिकार खरं तर पळालेल्यांचा. त्यामानानं व्हित्तोरियो सेल्ला हा इटालियन गृहस्थ मला बरा वाटतो. १९०९ मध्ये तो के-२ च्या मोहिमेवर गेला, आणि मोठ्या काचा फुटू नयेत म्हणून पाठीवरच्या पिशव्या आणि जनावरांवरची खोगिरं त्यानं स्वतः आखून करून घेतली होती. फोटोग्राफरनं शिवणकामात लक्ष घातलं की निम्मी भांडणं मिटतात. आणि एडवर्ड वेस्टन १९३७ साली गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियाभर हिंडला; त्याला गाडी चालवता येत नव्हती, गाडी त्याची जोडीदार कॅरिस विल्सन चालवायची आणि रोजची टिपणंही तीच ठेवायची. छायाचित्रांच्या श्रेयात तिचं नाव नसतं.

टिपणांचं खातं आमच्याकडे माझं आहे, आणि होल्डर भरायचंही. दोघांच्या सॅकांवर बोलायचा माझा हक्क तेवढ्यापुरता. न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल सरकवायचा, गरम पाणी आधी सोडून हवेतली धूळ बसू द्यायची, मग दिवा बंद. शीट उभं धरलं आणि कडेच्या खाचा उजव्या वरच्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की रसायनाची बाजू आपल्याकडे. ते दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांखाली सरकलंय ना, हे नखानं चाचपायचं. एक बाजू पट्टीवरून गेली तर शीट वाकतं आणि गडावर कळतं. भरलेला प्रत्येक होल्डर झिपलॉकच्या वेगळ्या पिशवीत. धूळ शीटवर बसली की प्रिंटवर काळा ठिपका येतो. पांढरा ठिपका रंगानं झाकता येतो, काळा पात्यानं खरवडावा लागतो, आणि ते काम मी करते. म्हणून पिशव्यांचं वजन दोघांनीही मोजायचं नाही, असं मी सांगून टाकलं.

प्रत्येक होल्डरवर नंबर आहे, आणि त्याच्या कडेच्या पट्टीला कानशीनं घातलेली खाच आहे; ती निगेटिव्हच्या कडेवर उमटते. त्यामुळेच सात नंबरचा होल्डर पकडला गेला. त्याच्यातल्या प्रत्येक निगेटिव्हचा एकच कोपरा धुरकट यायचा. नंबर नसता तर कॅमेऱ्याचा भाता फाटला असं समजून हे महिनाभर टॉर्च आत घालून भोक शोधत बसले असते. "दहा होल्डर न्यायचे तर त्यात एक गळका धरूनच चालायचं," असं हे म्हणाले. भाचीनं उलट टोक धरलं: "पाचच असतील तर पाचही तपासून होतात." मला तिचं पटलं. पण मी सात ठरवले. त्यात चित्र बदलणारे किती आणि धास्तीचे किती, ते त्यांचं त्यांनी बघावं.

तेव्हा सध्याचा तह असा. तीन लेन्स: नव्वद, दीडशे आणि ती छोटी तीनशे, जी भाचीच्या मैत्रिणीकडून मागून आणायची आहे. फिल्टर तीन, पिवळा, नारिंगी, लाल, सगळे एकाच मापाचे. ट्रायपॉड तिचा, कारण बालेकिल्ल्याचा चढ. कॅमेरा ह्यांचा, कारण वारा. हे शेवटचं मी सुचवलं आणि दोघंही थोडे नाराज झाले. हलक्या ट्रायपॉडवर जड टेक्निका डोलेल अशी भीती ह्यांना वाटते. पाय जास्त फाकवून, मधली दांडी वर न काढता उभा केला तर डोलत नाही असं ती म्हणते. सॅक तिची, वरून उघडणारी, लटकवायची पण जमिनीला टेकवून. थैल्यांना रंगीत चिकटपट्टी: झालेल्या होल्डरला लाल, कोऱ्यांना पांढरी, केबलला पिवळी. मीटरवर कागद चिकटला आहे. टी-शर्ट की कपडा हा प्रश्न मी चर्चेला घेतला नाही. ज्यानं त्यानं आपल्या डोक्यावर काय घ्यावं ते घ्यावं. एकूण पाण्यासकट बारा किलोच्या थोडं वर जातं आणि ते आलटून पालटून पाठीवर घ्यायचं.

एक गोष्ट मिटलेली नाही. ह्यांना मागच्या दुधी काचेची एक जादा काच बरोबर हवी आहे. काच फुटली तर सगळं सामान वर नेऊनही फोकस करता येणार नाही, हा मुद्दा बिनतोड आहे. काचेवर अडकवायला प्लॅस्टिकचं झाकण मिळतं, ते लावलं की फुटायचा प्रश्नच येत नाही, हा तिचा मुद्दाही तितकाच. परवा तिनं ती काच सॅकेतून काढून कपाटात ठेवली. काल ह्यांनी ती फडक्यात गुंडाळून परत घातली, मीटरच्या थैलीच्या तळाशी, तिथे ती बघणार नाही या हिशेबानं. गडावर मीटर बघायचं काम तिच्याकडे आहे.